२५ फुटी मोटरहोम, दोघंच, लास वेगासहून १२ दिवस: रस्ता आणि मुक्काम जमतोय का?

प्रश्न – पायवाट

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही दोघं, नवरा-बायको, भारतातून येतोय. लास वेगासला क्लास सी मोटरहोम भाड्याने घेतोय, फोर्ड ई-४५० व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली. कागदावर दिलेली मापं अशी: लांबी २५ फूट, रुंदी ८ फूट ४ इंच, उंची १२ फूट. चांगल्या पाण्याची टाकी ४० गॅलन, अंघोळ-भांड्यांच्या पाण्याची ३०, संडासाची २६. पेट्रोल ५५ गॅलन. जनरेटर ४ किलोवॅट.

बेत: वेगास – झायन (२ रात्री) – ब्राइस (२) – पेज (२) – मॉन्युमेंट व्हॅली (१) – ग्रँड कॅन्यन, दक्षिण कडा (३) – विल्यम्स (१) – परत वेगास. एक दिवस काढून डेथ व्हॅली घालता येईल का, असाही विचार चाललाय.

विचारायचंय ते असं. झायनच्या बोगद्यातून ही गाडी जाईल का? वीज-पाण्याची जोडणी नसलेल्या कॅम्पग्राउंडवर सलग किती रात्री निघतील? मैलापाणी रिकामं करायची नेमकी पद्धत काय? पार्कांचा पास कोणता घ्यावा? मोठी गाडी चालवायची सवय नाही, तेव्हा वाळवंटात खास काय सांभाळायचं?

उत्तर – गेरूमाती

बोगद्यातून जाणार नाही. झायन–माउंट कार्मेल बोगदा १९३० चा. तेव्हाच्या मोटारींच्या मापाने डोंगरात कोरलेला, छत कमानीसारखं, म्हणजे कडेला उंची कमी. पूर्वी १५ डॉलर भरले की समोरची वाहतूक थांबवून मोठ्या गाड्यांना मधोमध सोडायचे. २०२६ च्या जूनपासून ती सोय बंद झाली. आता ११ फूट ४ इंचांपेक्षा उंच, ७ फूट १० इंचांपेक्षा रुंद किंवा ३५ फूट ९ इंचांपेक्षा लांब गाडीला त्या रस्त्याने पलीकडे जाताच येत नाही. लोक लांबी मोजतात आणि निर्धास्त होतात. तुमची गाडी लांबीत बसते, पण उंची आणि रुंदी दोन्हींत अडकते. बहुतेक क्लास सी गाड्या रुंदीत अडकतातच. बोगद्यातूनच जायचं मनात असेल तर व्हॅनएवढी क्लास बी घ्यावी लागेल.

झायनच्या दरीत मात्र पश्चिमेकडून, म्हणजे स्प्रिंगडेलच्या बाजूने, बिनदिक्कत जा. तिथून ब्राइसला जाताना उलटं हरिकेनपर्यंत या, मग युटाचा राज्यरस्ता यूटी-५९, अ‍ॅरिझोनात शिरल्यावर तोच रस्ता एझेड-३८९ होतो, फ्रेडोनिया, कनाब आणि तिथून यूएस-८९ ने वर. दीडेक तास वाढतो. हरिकेनमधून बाहेर पडतानाचा चढ खडा आहे, बाकी रस्ता मोकळा. गाडीतलं किंवा फोनवरचं नॅव्हिगेशन तुम्हाला हमखास बोगद्याकडे पाठवेल, कारण त्याला तुमची गाडी मोटारीएवढीच वाटते. त्यामुळे मधला थांबा म्हणून फ्रेडोनिया हाताने टाका.

झायन कॅन्यनच्या आतल्या रस्त्यावर पार्कच्या शटल बसच्या मोसमात खाजगी गाड्या नेता येत नाहीत आणि ऑक्टोबर त्या मोसमात येतो. व्हिजिटर सेंटरजवळ मोठ्या गाड्यांच्या जागा सकाळी लवकर भरतात. वॉचमन कॅम्पग्राउंडवर जागा मिळाली तर हा प्रश्नच उरत नाही, गाडी तिथेच ठेवून चालत शटल गाठता येते. तिथे काही लूपमध्ये, म्हणजे कॅम्पग्राउंडच्या भागांत, वीज आहे, पाणी-सांडपाण्याची जोडणी नाही. आरक्षण सहा महिने आधी खुलतं आणि लगेच संपतं.

पासबद्दल. २०२६ पासून परदेशी पाहुण्यांसाठी दर बदलले आहेत. झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅन्यन तिन्ही त्या अकरा पार्कांत येतात, जिथे नेहमीच्या ३५ डॉलर गाडीशुल्कावर १६ वर्षं आणि त्यापुढच्या प्रत्येक परदेशी माणसामागे १०० डॉलर जादा लागतात. म्हणजे तुम्हा दोघांना एका पार्कचे २३५ आणि तिघांचे ७०५. परदेशी पाहुण्यांचा वार्षिक पास २५० डॉलरला आहे आणि त्यात गाडीतल्या दोघांचाही जादा आकार माफ होतो. डोळे मिटून पास घ्या. ८० डॉलरचा पास फक्त अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आहे, ओळखपत्र बघतात. मॉन्युमेंट व्हॅली नावाहो राष्ट्राच्या, म्हणजे नावाहो या मूळ रहिवाशांच्या स्वायत्त प्रदेशाच्या, अखत्यारीत येते, तिथे हा पास चालत नाही. माणशी ८ डॉलर वेगळे.

आता घड्याळ, कारण या भागात त्यानेच सगळ्यात जास्त घोटाळे होतात. ऑक्टोबरमध्ये नेवाडा आणि अ‍ॅरिझोनाची वेळ एकच असते आणि युटा त्यांच्या एक तास पुढे. अ‍ॅरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, पण अ‍ॅरिझोनातलंच नावाहो राष्ट्र करतं. म्हणून मॉन्युमेंट व्हॅली एक तास पुढे आणि पेज गाव अ‍ॅरिझोनाच्या वेळेवर. पेजजवळची अँटिलोप कॅन्यन ही अरुंद घळ नावाहोंच्या जमिनीवर आहे, तरी तिथल्या सहली पेजच्या, म्हणजे अ‍ॅरिझोनाच्या वेळेनेच निघतात. फोन जवळचा टॉवर बदलला की वेळही बदलतो. पेजमधल्या दोन रात्री फोनची वेळ आपोआप बदलणं बंद करून फिनिक्सची वेळ लावून ठेवा, नाहीतर सहल चुकते आणि पैसे परत मिळत नाहीत.

अँटिलोपमध्ये नावाहो वाटाड्याशिवाय सोडत नाहीत आणि त्यामागे कारण आहे. १२ ऑगस्ट १९९७ ला लांबवर पडलेल्या पावसाचं पाणी त्या घळीत घुसलं आणि ११ जण गेले. तेव्हा घळीच्या वर पाऊसही नव्हता. ऑक्टोबरमध्ये पावसाळा सरलेला असतो, तरी वाटाड्याने सहल रद्द केली तर वाद घालू नका.

मॉन्युमेंट व्हॅलीतली १७ मैलांची कच्च्या रस्त्याची फेरी मोटरहोमला बंद आहे. नावाहो वाटाड्याच्या उघड्या जीपने जा. मुक्कामाला कड्यावरच्या द व्ह्यू कॅम्पग्राउंडवर जोडणी काहीच नाही, पण पहाटे दाराबाहेर तिन्ही मोठे सुळके समोर उभे असतात. संपूर्ण जोडणी हवी असेल तर जवळच्या गोल्डिंग्ज कॅम्पग्राउंडला जा. आणि नावाहो हद्दीत दारू जवळ बाळगणंसुद्धा बेकायदा आहे. फ्रिजमधल्या बाटल्याही त्यात आल्या.

डेथ व्हॅली सोडा. तिथलं फर्नेस क्रीक वेगासपासून १२० मैलांवर, जाऊन-येऊन आख्खा दिवस रस्त्यातच जाईल. तिथल्या आर्टिस्ट्स ड्राइव्हवर २५ फुटांपेक्षा लांब गाडीला बंदी आहे, आणि भाड्याच्या ‘२५ फुटी’ गाड्या बंपर-शिडी धरून मोजल्या की बहुतेक वेळा फूटभर जास्तच भरतात. त्यापेक्षा पहिली रात्र व्हॅली ऑफ फायरला काढा. आय-१५ महामार्गाने वेगासपासून तासाभराच्या आत, झायनच्याच वाटेवर, लाल वाळूच्या दगडांत. अ‍ॅटलाटल रॉक कॅम्पग्राउंडवर काही जागांना वीज-पाणी आहे. गाडीतलं काय चालतंय आणि काय नाही हे पहिल्याच रात्री कळतं आणि बदलून मागायला वेगास जवळ असतं.

उत्तर – ओलावा

टाक्यांचं मी सांगते. तुमच्या बेतात चांगलं पाणी संपण्याआधी सांडपाण्याची टाकीच आडवी येईल.

हिशेब असा. दोघांच्या अंघोळी, अंग ओलं करायचं, नळ बंद, साबण, पुन्हा धुवायचं, या पद्धतीने माणशी ३ गॅलन. भांडी आणि हात-तोंड मिळून ३-४. संडास १-२. म्हणजे दिवसाला १० ते १२ गॅलन. ४० गॅलन साडेतीन दिवस पुरतात, पण त्यातले ९-१० रोज ३० गॅलनच्या टाकीत जातात. चौथ्या दिवशी अंघोळीच्या मोरीत पाणी वर यायला लागतं, कारण मोरी सगळ्यात खाली असते. म्हणून सलग तीन रात्री ही तुमची मर्यादा धरा. पिण्याचं पाणी यात धरू नका, ते माणशी रोज एक गॅलन वेगळ्या कॅनमध्ये ठेवा. या हवेत घाम लगेच वाळतो, तहान लागल्याचं कळतच नाही.

ग्रँड कॅन्यनला तीन रात्री आहेत. मॉन्युमेंट व्हॅलीला दोन्ही घाण टाक्या रिकाम्या आणि चांगली टाकी भरूनच वर या. तिथली पाण्याची जुनी पाइपलाइन दरीच्या तळातून येते आणि वारंवार फुटते, मग पाण्यावर निर्बंध येतात. पाणी सोबत असलं की तुमचा मुक्काम कुणावर अवलंबून राहत नाही.

मैलापाण्याची पद्धत. लोक याला घाबरतात, पण क्रम पाळला तर दहा मिनिटांचं काम आहे.

वापरून फेकायचे हातमोजे घाला. दोन्ही झडपा बंद आहेत याची खात्री करून मगच खालचं झाकण काढा. झाकण उघडल्यावर धार आली तर एखादी झडप नीट मिटलेली नाही, असं समजा. जाड नळीचं टोक आधी जमिनीतल्या भोकात बसवा, वर दगड किंवा तिथलं झाकण ठेवा, मग दुसरं टोक गाडीला लावून फिरवा, खटका बसला पाहिजे. नळी हाताने हलवून बघा. आता संडासाची टाकी आधी. झडप एका झटक्यात पूर्ण ओढा, हळूहळू नाही, कारण जोराच्या प्रवाहानेच तळचं निघून जातं. आवाज थांबला की बंद करा. मग अंघोळ-भांड्यांची टाकी सोडा. साबणाचं पाणी नळी धुऊन काढतं. हा क्रम उलटा केला तर नळीत घाण तशीच राहते. शेवटी दोन्ही झडपा बंद, गाडीकडचं टोक आधी काढून वर उचला, उरलेलं भोकात जाऊ द्या. नळी धुवायची ती तिथल्या बिनपिण्याच्या नळाने. पिण्याच्या पाण्याची पांढरी किंवा निळी नळी त्या नळाजवळ नेऊसुद्धा नका.

संडासात परत २-३ गॅलन पाणी आणि औषधाची पुडी टाकून ठेवा. कोरड्या टाकीत मैला पडला की पाइपाखाली ढीग साचतो आणि वाळून दगड होतो. याच कारणाने, पूर्ण जोडणीच्या जागी नळी लावलेली असली तरी संडासाची झडप बंदच ठेवायची. उघडी ठेवली की पाणी वाहून जातं आणि घट्ट भाग मागे राहतो. टाकी दोन-तृतीयांश भरली की सोडा. कागद लवकर विरघळणाराच वापरा, ओले पुसणे अजिबात नकोत.

पाणी जोडताना नळाला आधी दाबनियंत्रक लावा, ४० ते ५० पीएसआयचा. कॅम्पग्राउंडचा दाब कधीकधी त्याच्या दुपटीने असतो आणि गाडीतले प्लास्टिकचे सांधे सुटतात. भाड्याच्या गाडीत नियंत्रक मिळतोच असं नाही, विचारून घ्या.

वीज. ३० अँपिअरची जोडणी म्हणजे ३६०० वॅट. एसी आणि मायक्रोवेव्ह एकदम लावले की फ्यूज पडणार. जोडणी नसेल तेव्हा दिवे, पाण्याचा पंप आणि हीटरचा पंखा बॅटरीवर चालतात. हा पंखाच बॅटरी खातो: ७-८ अँपिअर, थंड रात्री निम्मा वेळ चालू, म्हणजे रात्रीत ४० अँपिअर-तास सहज. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली न्यायची नाही, साधारण १२.१ व्होल्ट दिसले की थांबा. एकच बॅटरी असेल तर एका रात्रीची बेगमी आहे, दोन असतील तर दोन. बॅटऱ्या किती आहेत हे ताबा घेतानाच झाकण उघडून बघा.

जनरेटर तासाला साधारण अर्धा गॅलन पेट्रोल पितो आणि टाकी पावपर्यंत आली की आपोआप बंद पडतो. तो बिघाड नाही, गाडी अडकू नये म्हणून केलेली सोय आहे. ७००० फुटांवर त्याची जवळजवळ पाचवा हिस्सा ताकद कमी होते. काहींवर उंचीप्रमाणे फिरवायची कळ असते, ती लावली नाही तर धूर काढतो आणि धापा टाकतो. कॅम्पग्राउंडवर सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या तासांतच लावता येतो. ग्रँड कॅन्यनच्या मेदर कॅम्पग्राउंडवर पाइन लूपमध्ये त्याला बंदीच आहे.

मेदरला ३० फुटांपर्यंतची गाडी चालते, जोडणी नाही, पण झाडं आहेत आणि रिकामं करायची जागा आहे. शेजारी ट्रेलर व्हिलेजला पूर्ण जोडणी मिळते. मला विचाराल तर दोन रात्री मेदरला आणि एक ट्रेलर व्हिलेजला घ्या.

उत्तर – मैलाचा दगड

ट्रेलर व्हिलेजबद्दल थोडा वेगळा विचार. तिसऱ्या रात्रीसाठी सगळं आवरून, स्लाइड (गाडीचा बाहेर सरकणारा भाग) आत घेऊन अर्धा मैल हलायचं, यात अर्धी सकाळ जाते. पाण्याचा हिशेब ओलावाताईंनी सांगितला तसा पाळलात तर तिन्ही रात्री मेदरलाच निघतात, आणि जाताना टाक्या रिकाम्या होतातच. शटल कॅम्पग्राउंडवरून मिळते. हर्मिट रोड १ मार्च ते ३० नोव्हेंबर खाजगी गाड्यांना बंद असल्याने गाडी हलवून फायदाही नाही.

आता चालवण्याचं.

टायर आधी. मागच्या धुरीला दोन्ही बाजूंना जोडीचे टायर असतात. आतला बसला तर बाहेरचा सगळा भार उचलतो, डोळ्यांना काही दिसत नाही, आणि मग ताशी ६५ मैलांवर दोन्ही फुटतात. दाब सकाळी, गाडी हलवायच्या आधी, सहाही टायरचा गेजने मोजा. आतल्या टायरचा व्हॉल्व्ह लांब नळीने बाहेर काढलेला असतो. तसा नसेल तर ताबा घेताना त्यांच्याकडूनच मोजून घ्या. किती हवा हवी ते चालकाच्या दारालगतच्या स्टिकरवर आहे, टायरच्या भिंतीवरचा आकडा ही कमाल मर्यादा. दुपारी गरम टायर १० पीएसआयने वर गेलेला दिसतो, तो तसाच असायला हवा. हवा सोडू नका. सोडली तर सकाळी कमी भरते आणि कमी हवेचा टायर वाकून वाकून जास्तच तापतो. टायरच्या भिंतीवर डीओटी (DOT) या अक्षरांपुढे शेवटचे चार आकडे असतात, आधी आठवडा मग वर्ष: ३५२१ म्हणजे २०२१ चा पस्तिसावा आठवडा. सहा वर्षांपुढचा दिसला तर गाडी बदलून मागा. नक्षी शाबूत असली तरी इथल्या उन्हाने रबर भिंतीपाशी तडकतं. भाड्याच्या गाडीत जादा चाक बहुधा नसतंच.

वळताना मागचं बूड विसरू नका. मागच्या धुरीच्या मागे सात-आठ फूट गाडी लोंबते. उजवीकडे वळलात की ती डावीकडे झेपावते. पेट्रोलपंपावरून निघताना लगेच कट मारला की मागचा कोपरा पंपाच्या खांबाला घासतो, भाड्याच्या गाड्यांचं ठरलेलं नुकसान आहे हे. आधी मागचं चाक खांबाच्या पुढे जाईपर्यंत सरळ या, मग वळा. वर १२ फूट आहेत, ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून आरशाखाली चिकटवा. छत आणि बुडाचं नुकसान बऱ्याच विमा-करारांत धरलेलं नसतं, तो परिच्छेद सहीपूर्वी वाचा. कच्च्या रस्त्याची बंदीही तिथेच असते. यूटी-२६१ वरचा मोकी डगवे नकाशावर जवळचा दिसला तरी तो १० टक्के उताराचा खडीचा घाट आहे, तिकडे वळू नका.

पेट्रोल ८७ ऑक्टेनचं. युटात उंचावर ८५ मिळतं, ते घालू नका. हिरवी मूठ बहुतेक पंपांवर डिझेलची असते, भारतातली सवय सांभाळा. पंप पिन कोड मागतो आणि परदेशी कार्ड नाकारतो, तेव्हा आत जाऊन आधी पैसे द्या. गॅलनला ८ ते १० मैल मिळतील. पेज सोडल्यावर अर्ध्याखाली टाकी आणू नका. ग्रँड कॅन्यन व्हिलेजमध्ये पंप नाही. डेझर्ट व्ह्यूला आहे, नाहीतर दक्षिण दाराबाहेर टुसायानला.

कॅमेरॉन गाव ते डेझर्ट व्ह्यू तीसेक मैलांत ४२०० फुटांवरून ७४०० वर चढता. तापमानाचा काटा सरकला तर एसी बंद, आणि तरी थांबला नाही तर हीटर पूर्ण सोडा, इंजिनची उष्णता त्यातून निघते. उतारावर गिअरच्या दांड्याच्या टोकाचं टो-हॉलचं बटण दाबा म्हणजे गाडी स्वतः खालच्या गिअरला येते. ब्रेक धरून ठेवायचा नाही. घट्ट दाबून वेग दहाने कमी करा, सोडा, पुन्हा. सतत धरलेल्या ब्रेकचा करपट वास आला तर तो काम करेनासा होत आलाय.

वारा. आय-१५ वर व्हर्जिन नदीची घळ, कायेंटा ते टुबा सिटी, आणि परतताना कोलोरॅडो नदीवरचा उंच पूल. अशा जागी ५५ वर या. ट्रक शेजारून जाताना आधी बाजूला ढकलतो, मग ओढतो. स्टीअरिंग दोन्ही हातांत हवं, पण आवळलेलं नको. वाळूच्या वादळात रस्ता दिसेनासा झाला तर डांबर सोडून शक्य तेवढं बाहेर थांबा, सगळे दिवे बंद, हँडब्रेक लावा आणि पायाचा ब्रेक सोडा. दिवा चालू राहिला तर मागचा चालक त्यालाच रस्ता समजून तुमच्यावर येतो.

आणि बाहेरचं छप्पर, जे दारावर उलगडतं: खुर्च्या सोडून चालायला निघालात तरी गुंडाळून जा. दुपारी दोनला पानही हलत नाही आणि तीनला एका झोताने ते छतावर उलटं पडतं.

पायवाट

तिघांचेही मनापासून आभार. क्रम असा बदललाय: व्हॅली ऑफ फायर १, झायन २, ब्राइस १, पेज २, मॉन्युमेंट व्हॅली १, मेदर ३, विल्यम्स १. डेथ व्हॅली रद्द. एकच राहिलं. ब्राइसला रात्री शून्याखाली जातं म्हणतात. टाक्या गोठतील का?

ओलावा

टाक्या नाही, नळी गोठेल. ब्राइस ८००० फुटांवर आहे, ऑक्टोबरमध्ये पहाटे शून्याखाली काही अंश हे नेहमीचंच. संध्याकाळी नळाची नळी काढून पाणी निथळून गुंडाळून ठेवा आणि रात्री टाकीतलं पाणी पंपाने वापरा. हीटर १२-१३ अंशांवर ठेवा, पूर्ण बंद करू नका. सिंकखालची दारं उघडी ठेवली की पाइपांना तीच ऊब मिळते. सांडपाण्याची नळीही लावून ठेवू नका, तिच्या पोटात साचलेलं पाणी गोठून ती चिरते. हीटरसाठी झोपण्यापूर्वी प्रोपेनचा काटा बघा. एकतृतीयांशाखाली असेल तर दिवसाच भरून घ्या. आणि सकाळी, उन्हं येईपर्यंत नळी जोडायची घाई नको. कॅम्पग्राउंडचा नळसुद्धा गोठलेला असतो, जोर लावला तर त्याचा दांडा हातात येतो.